आपल्याकडे बर्फ पडला तर? : हिमवर्षाव, गारपीट आणि बंद पडलेला रस्ता



मागच्या हिवाळ्यात चौथीच्या वर्गात मी शिमल्याच्या बर्फाचा एक व्हिडिओ दाखवत होते. रस्ते पांढरेशुभ्र, गाड्या अर्ध्या बुडालेल्या, माणसं फावड्याने दारासमोरचा बर्फ ओढतायत. मुलं अगदी गप्प. मग मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मॅडम, आपल्याइकडे बर्फ पडला तं शाळेले सुट्टी भेटन काय?" सगळा वर्ग हसला, मीही हसले आणि "आपल्याकडे नाही पडत रे" म्हणून पुढे गेले. घरी येताना वाटलं, प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेव्हा आज तोच प्रश्न जरा नीट पाहू.

आपलं बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेलं आहे. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापेक्षा इथे हवा थंड असते. हिवाळ्यात पहाटे पारा कधी कधी दहाच्या आसपास येतो आणि आपण शेकोटीला बसतो. पण बर्फ पडायला तेवढं पुरत नाही. ढगात तयार झालेला बर्फाचा कण जमिनीपर्यंत बर्फ म्हणून पोचायचा, तर वाटेतली हवाही शून्याच्या आसपासच असावी लागते. आपल्याकडे तो वाटेतच वितळतो आणि पाऊस होऊन पडतो.

मग गारा कशा पडतात? त्याही बर्फाच्याच की! त्यांची गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात जमीन तापते, गरम हवा जोरात वर जाते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. ढगाच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब शून्याखाली गेलेले असतात, तरी गोठलेले नसतात. एखादा बर्फाचा कण मिळाला की ते त्याला चिकटून गोठतात. खालून येणारी हवा त्या कणाला वर उचलून धरते, त्यामुळे थरावर थर चढत जातात. मोठी गार कापून पाहिली तर कांद्यासारखे थर दिसतात. (सापडली तर वर्गात नक्की दाखवा. मी एकदा दाखवली, पण सुरी आणेपर्यंत निम्मी वितळली होती.) गार इतकी जड होते की हवेला पेलवत नाही, आणि पडते ती इतक्या वेगाने की वितळायला वेळच मिळत नाही.

या वेगातच खरा फरक आहे. हिमाचा कण साधारण आपल्या चालण्याच्या वेगाने खाली येतो. लिंबाएवढी गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने आदळते. बर्फ रात्रभर हळूहळू साचून रस्ता बंद करतो, गारपीट दहा मिनिटांत होत्याचं नव्हतं करते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला झालेल्या गारपिटीत २४६ माणसं गेली. गारपिटीतल्या बळींचा हा जागतिक विक्रम मानला जातो.

आता बर्फाच्या मुलखातले लोक काय करतात ते बघा. हिमाचल प्रदेशातली रोहतांग खिंड वर्षातले साधारण सहा महिने बर्फाने बंद असायची. पलीकडच्या लाहौलचे लोक धान्य, सरपण, जनावरांचा चारा बर्फ पडायच्या आतच भरून ठेवत. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हा कुठे त्यांची हिवाळ्यातली अडचण बरीच कमी झाली. हा बोगदा सीमा सडक संघटनेने बांधला आणि डोंगरातल्या अनेक रस्त्यांवरचा बर्फ काढायचं कामही त्यांचेच लोक करतात.

सपाट रस्त्यांवर बर्फ सरकवायला यंत्रं फिरतात आणि मागून मीठ टाकलं जातं. मीठ का? जत्रेतला कुल्फीवाला आठवा. तो बर्फात खडेमीठ घालतो ना? मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो, म्हणून बर्फ वितळू लागतो आणि ते खारं पाणी शून्यापेक्षाही थंड होतं. त्या गारठ्यातच कुल्फी गोठते. रस्त्यावर याच गुणामुळे बर्फ सुटतो. पण थंडी उणे नऊ-दहाच्या खाली गेली की साधं मीठ फारसं कामाचं राहत नाही. मग चाकाला पकड मिळावी म्हणून वाळू टाकतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची थांबायची पद्धत. जानेवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मोठं हिमवादळ आलं. सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच, म्हणजे जवळजवळ ७० सेंटिमीटर बर्फ साचला. प्रशासनाने शहरात खासगी गाड्या चालवायलाच बंदी घातली. तिथे मोठ्या हिमवादळाचा अंदाज असला की मुलांनी शाळेत येऊ नये असं आधीच जाहीर होतं. म्हणजे निघायचं की नाही हे घरीच ठरतं, रस्त्यात अडकल्यावर नाही.

ते ठरलं नाही तर काय होतं, हे जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी दिसलं. बर्फ पाहायला हजारो गाड्या वर चढल्या आणि रात्री रस्त्यातच अडकल्या. किमान २२ जण गेले, त्यातले बरेच आपापल्या गाडीतच. अशा वेळी लोक काचा बंद करून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून बसतात. बाहेर धूर सोडणारी नळी बर्फाने बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना रंग ना वास. झोप लागते आणि माणूस उठत नाही.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? सांगते. मी रोज स्कूटीवर अप-डाऊन करते, एका बाजूला साधारण वीस किलोमीटर. एकदा मार्चमध्ये शाळा सुटल्यावर निघाले तेव्हा पश्चिमेला आभाळ काळं-हिरवं झालं होतं. "अर्ध्या तासात घरी पोचते" असं म्हणून गाडी काढली. सात-आठ किलोमीटरवर गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. रस्ता पांढरा झाला आणि चाकाखाली छर्रे पसरल्यासारखी गाडी घसरली. मी पडले. गुडघा फुटला, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. शेजारच्या शेतातल्या एका आजोबांनी, "बाई, ये ना मधात!" म्हणून ओढतच गोठ्यात नेलं. तिथे बसल्यावर आठवलं, वस्तीवरची सहा मुलं शाळेतून पायीच निघाली होती. मी त्यांना स्वतः "लवकर जा घरी" म्हटलं होतं. ती एका देवळात थांबली, सुखरूप होती. पण ते कळेपर्यंतचा पाऊण तास मी अजून विसरले नाही.

११ फेब्रुवारी २०१८ ला आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जालन्यात मोठी गारपीट झाली, गहू-हरभरा आडवा झाला. तो रविवार होता, मुलं घरी होती. तो सोमवार असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गारा सुरू झाल्या की दुचाकी लगेच थांबवा, हेल्मेट काढू नका, पक्क्या छताखाली जा. झाडाखाली नको, कारण गारांच्या ढगात वीजही असते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, त्याला तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. नुसत्या पत्र्याच्या शेडवर भरवसा ठेवू नका, वाऱ्याने पत्रे उडतात. चारचाकीत असाल तर काचा बंद करून आतच बसा, तोंड समोरच्या काचेकडे नको. गारा थांबल्यावर त्या वितळेपर्यंत दम धरा. मी धरला नव्हता.

पावसाळ्यात हीच वेळ नाल्याच्या रपट्यावर येते. २२ जुलै २०२३ ला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत गावांत पाणी शिरलं, रस्ते तुटले. डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नाला चढतो, हे तिकडची मुलं आपल्याला शिकवतील. मुलांना मी पट्टीने समजावते. कंपासमधली छोटी पट्टी १५ सेंटिमीटरची. एवढं वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं. मोठी पट्टी ३० सेंटिमीटरची, एवढ्यात लहान कार तरंगायला लागते. दोन मोठ्या पट्ट्या म्हणजे ६० सेंटिमीटर, त्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ पाण्यात पट्टी किती बुडाली हे काठावरून दिसत नाही, आणि खालचा रस्ता जागेवर आहे की नाही तेही नाही. तरी "रोजचाच रस्ता आहे" म्हणून आपण गाडी घालतो. न्यूयॉर्कवाला जे घरी ठरवतो ते आपण नाल्याच्या काठावर ठरवतो, तेही मागून दोघं-तिघं हॉर्न वाजवत असताना.

म्हणून आमच्या शाळेत आता एक साधी सोय केली आहे. हजेरीच्या शेवटच्या पानावर नाल्यापलीकडून येणाऱ्या मुलांची नावं, पालकांचे दोन-दोन नंबर आणि अलीकडच्या बाजूला ते मूल कोणाच्या घरी थांबेल ते लिहिलं आहे. कोणी काकूकडे, कोणी मामाकडे, दोघी जणी अंगणवाडीताईंकडे. सकाळी निघण्याआधी मी हवामान खात्याचा इशारा पाहते. ऑरेंज किंवा रेड असेल तर पालकांच्या ग्रुपवर लगेच टाकते. दुपारी आभाळ भरलं तर मुलं सोडायची नाहीत, पालक येईपर्यंत शाळेतच. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आहे, तेही बऱ्याच पालकांनी घेतलं. अडचणीत ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे दोन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात, रोज फळा पुसताना तेवढा कोपरा सोडायचा.

मानव विकासच्या निळ्या बसने हायस्कूलला जाणाऱ्या मोठ्या मुलींचं पान अजून करायचं राहिलं आहे. बस अलीकडेच थांबली तर त्या कुठे थांबणार, हे या महिन्याच्या पालक सभेत विचारणार आहे. तुमच्या गावात अशा वेळी मुलं कुठे थांबतात?