खिशात मावणारे नियम

मलकापूर-कराडच्या पट्ट्यात खेळाच्या नियमांचा विषय निघाला की बोलणे फिरून फिरून गोळेश्वरला येते. मलकापूरहून ते गाव काही लांब नाही. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाचा अभिमान आहेच, पण त्याच्या जोडीने एक हळहळही सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीईशी झालेली लांबलचक लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभे केले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. तो पुढे करून भांडायला एकही भारतीय पदाधिकारी जागेवर नव्हता, असे ही हकीकत सांगणारे सगळेच सांगतात. त्याआधी १९४८ साली लंडनला ते सहावे आले, तेव्हा तर लाल मातीतल्या या पैलवानाला गादीही नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही.

नियम असतो, पण ऐन वेळी तो कुणाच्या हातात नसतो. मराठी मुलखातल्या खेळांच्या गेल्या शंभरेक वर्षांत हे दुखणे वारंवार डोके वर काढताना दिसते. त्यावर शोधलेला उपाय मात्र अगदी साधा होता: सोळा-बत्तीस पानांची, तालुक्याच्या मास्तरला परवडेल अशी नियमांची पुस्तिका.

या पुस्तिकांच्या आधीचा काळ मजेशीर होता, निदान लांबून पाहताना. हुतूतू गावोगावी खेळला जाई, पण बाद झालेल्या गड्याचे काय करायचे यावर एकमत नव्हते. संजीवनी पद्धतीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई. गामिनी पद्धतीत बाद तो बाद, अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचे. अमर पद्धतीत बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त गुण समोरच्याच्या खात्यात जाई. शेजारच्या गावचा संघ जत्रेला आला की आधी तासभर हुज्जत, मग खेळ. पंच म्हणजे ज्याचा आवाज मोठा तो.

खो-खोला शिस्त लावायला पहिला हात घातला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने. १९१४ साली तिथे नियम ठरवण्यासाठी समिती बसली. ते नियम आजच्या खेळाडूला ओळखूही येणार नाहीत. १९१९ च्या सुमाराला तर मैदानच लंबवर्तुळाकार होते. कबड्डीचे नियम १९१८ मध्ये ठरले, पण छापून आले १९२३ मध्ये. मधली पाच वर्षे हे नियम ज्यांनी ठरवले त्यांच्या डोक्यात आणि वहीत राहिले असणार. छापून आले त्याच वर्षी बडोद्यात अखिल भारतीय सामने झाले आणि ते या छापील नियमांनुसार खेळले गेले, हा योगायोग नव्हे. लांबलांबचे संघ एकत्र आणायचे तर सगळ्यांच्या हातात एकच कागद हवा. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, बडोद्याच्याच जिमखान्याने खो-खोचे नियम प्रसिद्ध केले.

बडोदाच का? संस्थान मराठी, राजा व्यायामाचा भोक्ता, आखाडे भरपूर आणि छपाईची हौस दांडगी. याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. एवढे काम दुसऱ्या कुठल्या भारतीय भाषेत त्या काळी झाले असेल असे वाटत नाही. पण हे दहा खंड कपाटाचे. शिट्टी तोंडात धरून भर उन्हात उभ्या असलेल्या पंचाला त्यांचा काय उपयोग?

पंचाच्या कामाची वस्तू आली ती अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाकडून. डॉ. आबासाहेब नातू, महाबळ गुरुजी अशा मंडळींनी १९२८ च्या सुमाराला हे मंडळ उभे केले आणि १९३५ मध्ये मंडळाने आट्यापाट्या व खो-खो यांच्या नियमांची पहिली आवृत्ती काढली. आट्यापाट्यांचे नाव तेव्हा खो-खोच्या बरोबरीने घेतले जाई. आज शाळेतल्या किती मुलांना आट्यापाट्या खेळता येतात हा प्रश्न न विचारलेलाच बरा. लगेच १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत गेले आणि त्यांच्या ट्रंकेतून नियमही गेले. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी मद्रासच्या वाय.एम.सी.ए. महाविद्यालयाचे संस्थापक एच. सी. बक यांचे खेळांच्या नियमांचे जाडजूड पुस्तक होते. पण एक खेळ शिकवण्यासाठी बाकीच्या डझनभर खेळांचे पैसे मोजणे शाळेला जमले तरी पंचाला जमत नसे.

इथे जरा अमेरिकेकडे पाहायला हवे. तिथे बेसबॉलच्या बाबतीत हाच प्रश्न फार आधी आणि फार वेगळ्या रीतीने सुटला. १८६० मध्ये बीडल कंपनीने हेन्री चॅडविकने संपादलेली बेसबॉलची पुस्तिका काढली. किंमत एक डाइम, म्हणजे दहा सेंट. हीच कंपनी दहा सेंटांत थरारक कादंबऱ्याही विकायची, त्यामुळे स्वस्त कागद आणि लांबवरची विक्री हे तंत्र तिला अवगत होते. पुढे स्पाल्डिंगने आपली मार्गदर्शिका त्याच दहा सेंटांत विकली. स्पाल्डिंगला ते परवडत होते, कारण त्याचा खरा धंदा चेंडू, बॅट आणि ग्लोव्ह विकण्याचा होता. नियम वाचून ज्याला खेळायची हुक्की आली तो सामान घ्यायला त्याच्याच दुकानात येणार.

कबड्डीला लागते काय? मैदान, चुना आणि दम. खो-खोला दोन खांब. ज्या खेळात विकण्यासारखे काहीच नाही, त्याची नियमावली कुठला कारखानदार पदरमोड करून छापणार? म्हणून आपल्याकडे हा भार जिमखान्यांनी, व्यायाम मंडळांनी आणि पुढे खेळाच्या संघटनांनी उचलला. मराठी नियमावल्यांचा कागद हलका का, आकृत्या जुन्याच ब्लॉकवरून पुन्हा पुन्हा का छापल्या जात, आणि संपलेली आवृत्ती लवकर परत का येत नसे, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. टीका करणे सोपे आहे. पण ही पुस्तिका नफ्यासाठी कधी निघालीच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कारभार मोठा झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ आला, बुवा साळवींसारख्या माणसाने कबड्डीसाठी आयुष्य वेचले आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकांचा खेळ म्हणून जागा मिळाली. खो-खोचा महासंघ साठच्या दशकाच्या तोंडावर आला, पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला झाली. महाराष्ट्रात पंच होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षा म्हटली की अभ्यासाचे पुस्तक आलेच. नियमावलीला खरे गिऱ्हाईक मिळाले ते या परीक्षार्थींमध्ये. दिवसा शाळेत किंवा साखर कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी मैदान, अशी ही माणसे. मानधन बेताचे, त्यात पुस्तकासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापर्यंत खेप मारायची म्हणजे एस.टी.चे भाडेच पुस्तकाला भारी. मग एकाने आणायचे आणि बाकीच्यांनी झेरॉक्स काढायची, हा रिवाज पडला.

कबड्डीच्या वापरलेल्या नियमावलीत सगळ्यात मळलेले पान मैदानाच्या आकृतीचे असते. पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी. सामन्याच्या दिवशी दुपारी पंच, टेप धरणारा आणि फक्की मारणारा असे तिघे या पानावर वाकलेले असतात. बाकीचे नियम पाठ असतात. आकडे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही, कारण बोनस रेषा वीतभर चुकली तर रात्री प्रत्येक बोनसवर वाद.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि पंचाच्या हातातल्या पुस्तिकेला प्रथमच प्रतिस्पर्धी भेटला. तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी ‘करो या मरो’, तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड केली तर जादा गुण. हे सगळे प्रेक्षकांनी घरी बसून फुकटात पाठ केले. गावच्या सामन्यात बाहेरून नियम सांगणारे पूर्वीही होतेच, आता त्यांच्याकडे पुरावा आला. संघटनेच्या नियमाने चालणाऱ्या स्पर्धेत लीगचा नियम मागितला जाऊ लागला आणि ‘टीव्हीवर तर असं देतात’ या वाक्यापुढे छापील पान फिके पडू लागले.

हा घोळ फक्त गावपातळीवरचा आहे असे कुणाला वाटत असेल, तर हांगझोउ आठवावे. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धेतील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत आणि इराण २८-२८. वेळ संपत आलेली, भारताचा कर्णधार पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईवर. कुणालाही स्पर्श न करता तो लॉबीत गेला आणि त्याला धरायच्या भरात इराणचे बचावपटूही मागोमाग लॉबीत शिरले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे स्पर्शाविना लॉबीत आलेले सगळेच बाद, म्हणजे भारताला चार गुण. लीगमध्ये रुळलेल्या दुसऱ्या नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मैदानातच बसून राहिले. जवळजवळ तासभर सामना थांबला आणि शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेही होते. आशियातला सर्वोच्च सामना, जगभरचे कॅमेरे, आणि वाद तोच, बडोद्याच्या आधी जत्रेत व्हायचा तो: खेळायचे कुणाच्या नियमाने?

शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आता सॉफ्टबॉल आणि बेसबॉलही आहेत. त्यांचे पंच व्हायला निघालेल्या नव्या क्रीडाशिक्षकापुढची अडचण उलटी आहे. भारतीय हौशी बेसबॉल महासंघ १९८३ पासून आहे आणि अमेरिकी मेजर लीगची अधिकृत नियमावली इंटरनेटवर फुकट मिळते. पण ती इंग्रजीत, दीडशेहून अधिक पानांची, आणि दरवर्षी नवी. फुटपाथवर जुनी प्रत मिळाली म्हणून आनंदाने उचलावी तर त्यात वेगळाच फास. २०१५ मध्ये या नियमांची पुनर्रचना झाली. त्याआधी नववे प्रकरण पंचांचे होते. आता पंचांचे आठवे आणि नववे गुणलेखकाचे. म्हणजे जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्याने ‘नऊ नंबर’ म्हणून बोट दाखवावे आणि समोरच्याने तिथे धावांचा हिशेब कसा लिहायचा ते वाचून दाखवावे. २०२३ मध्ये मेजर लीगने बेसची बाजू पंधरा इंचांवरून अठरा इंच केली आणि चेंडूफेकीला घड्याळ लावले. शाळेच्या मैदानावर घड्याळ येणार नाही, पण कोणता बदल आपल्याला लागू आणि कोणता नाही, हे सांगणारे मराठी पान हाताशी हवे.

त्यातल्या त्यात व्यवहारी मंडळी सगळे पुस्तक छापतच नाहीत. मैदानाचे दुसरे प्रकरण, प्रत्यक्ष खेळाचे पाचवे, गैरवर्तनाचे सहावे, पंचांचे आठवे आणि शेवटच्या व्याख्या, एवढेच कागदाच्या दोन्ही बाजूंना काढून स्पायरल बाइंडिंग करून घेतात. व्याख्या वगळायच्या नाहीत, कारण ‘इनफिल्ड फ्लाय’सारखा १८९५ पासून डोके खाणारा नियम नीट कळतो तो तिथेच. अशी एक प्रत बाहेरगावच्या सोबत्याला पाठवायची, तर पूर्वी पुस्तकांसाठी रजिस्टर्ड बुक पोस्टचा स्वस्त दर होता. टपाल खात्याने ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. त्यामुळे आता पार्सलचे पैसे भरायचे, नाहीतर पीडीएफ मोबाइलवर पाठवून त्याला त्याच्या गावात छापायला सांगायचे. बहुतेक जण दुसरे करतात, आणि पहिल्या पानावर पेनाने मोठ्या अक्षरांत वर्ष लिहून ठेवतात.