फॅट, डिग्री आणि हात

ताटापर्यंतची वाट : लेखांक ९

राहुरी, संगमनेर, राहाता, श्रीगोंदा. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी सहा-साडेसहाला दूध संकलन केंद्रावर उभं राहिलं, की कॅन घेऊन आलेल्यांच्या तोंडी दोनच प्रश्न ऐकू येतात : फॅट किती लागली आणि डिग्री, म्हणजे दुधाची घनता, किती बसली. नमुना काढायचा, यंत्राला लावायचा, पडद्यावर फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून दुधातल्या बाकीच्या घनपदार्थांचे) आकडे उमटले की पावती हातात. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही गुणप्रत धरून भाव ठरतो, त्याखाली प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. दूधदराची आंदोलनं आणि सरकारी अनुदानं याच दोन आकड्यांभोवती फिरत आली आहेत. धार काढणाऱ्याने हात धुतले होते का, सड कोरडे पुसले होते का, गायीला परवा दगडीचं (कासदाहाचं) इंजेक्शन टोचलं होतं का, यातलं काहीही त्या पावतीवर नसतं.

पावतीवर न उमटणाऱ्या या गोष्टींचा अभ्यास करणं हे जगात काही जणांचं पूर्णवेळ विद्यापीठीय काम आहे. विषयाचं नाव अन्नसुरक्षा व्यवस्थापन आणि संस्कृती. मागच्या लेखांकात अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचं काम पाहिलं. त्याच्या हातात २००६ चा अन्नसुरक्षा कायदा असतो, नमुन्याची सीलबंद बाटली असते. हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हातात वही असते आणि बराच वेळ गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात मुकाट उभं राहण्याची तयारी.

हा विषय विद्यापीठांत कसा शिरला हे समजायला वेल्समध्ये जावं लागेल. सप्टेंबर २००५ मध्ये दक्षिण वेल्समधल्या शाळांत जेवण झालेली मुलं आजारी पडू लागली. ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची बाधा १५७ जणांपर्यंत पोचली आणि पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. शाळांना शिजवलेलं मांस पुरवणाऱ्या खाटकाकडे कच्चं आणि शिजवलेलं मांस एकाच व्हॅक्यूम पॅकिंग यंत्रातून जात होतं. कागदोपत्री मात्र त्याच्याकडे हॅसेपची योजना होती. हॅसेप म्हणजे कुठे घोटाळा होऊ शकतो ते आधीच हेरून नेमक्या त्याच ठिकाणी पहारा बसवण्याची पद्धत. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी ‘नासा’ आणि पिल्सबरी कंपनीने ती घडवली. योजना होती, तपासनीस येऊन जात होते, आणि यंत्र दोन्ही मांसांना तेच होतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्रा. ह्यू पेनिंग्टन यांचा चौकशी अहवाल मार्च २००९ मध्ये आला, तेव्हा चर्चा जिवाणूवरून माणसांकडे वळली : नियम माहीत असून माणसं तसं का वागत नाहीत?

त्याच वर्षी फ्रँक यानस यांचं अन्नसुरक्षेच्या संस्कृतीवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ते पूर्णवेळ प्राध्यापक नव्हते; डिस्नेच्या आणि मग वॉलमार्टच्या अन्नसुरक्षेची जबाबदारी सांभाळलेले गृहस्थ. कार्डिफमध्ये ख्रिस ग्रिफिथ यांनी याच प्रश्नाला शास्त्रीय मापं लावली. पुढे २०२० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या अन्नस्वच्छतेच्या मूलतत्त्वांत आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या नियमांत ही संस्कृती रीतसर दाखल झाली. नियमात आली म्हणजे ती मोजणारं कुणीतरी लागणार, शिकवणारंही लागणार. नव्या विषयांच्या खुर्च्या बहुधा अशाच तयार होतात.

आता राहुरीला येऊ. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं. इथे अन्नशास्त्र आणि तंत्रज्ञान विभाग आहे, पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र विभाग आहे, कीटकनाशकांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा आहे, विस्तार शिक्षण विभागही आहे. होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून घडवलेली ‘फुले त्रिवेणी’ गाय इथलीच. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विद्यापीठ ओळखीचं आहे ते ‘फुले’ या नावाने सुरू होणाऱ्या वाणांमुळे. ही मोठी कमाई आहे. पण कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञाचं वजन कशावर ठरतं पाहा : किती वाण प्रसारित झाले, किती अवजारं निघाली, जॉइंट ॲग्रेस्कोच्या, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या, बैठकीत किती शिफारशी मंजूर झाल्या. ‘धार काढण्याआधी सड कोमट पाण्याने धुऊन कोरडे पुसावेत’ ही शिफारस सगळ्यांना पाठ आहे. ती पाळली का जात नाही, हे शोधून काढणाऱ्याला कुठल्या रकान्यात बसवायचं, ते अजून ठरायचं आहे.

आणि ती न पाळण्याची किंमत लहान नसते. निरोगी कासेतून निघताना दुधात जिवाणू फार थोडे असतात. सडाला लागलेलं शेण, ओले हात, कॅनच्या झाकणाच्या खोबणीत राहिलेला कालचा साका, हे सगळं धारेबरोबर आत जातं. उन्हाळ्यात शीतकरणापर्यंत पोचायला दोन-तीन तास लागले, तर झपाट्याने वाढणारे जिवाणू तेवढ्या वेळात अनेकदा दुप्पट होतात. भारतीय मानकाच्या प्रतवारीत कच्च्या दुधात मिलिलिटरला दोन लाखांपर्यंत जिवाणू असले तर दूध ‘अतिउत्तम’, दहा लाखांपर्यंत ‘चांगलं’, आणि पन्नास लाखांपर्यंतही ‘बरं’ या रकान्यात बसतं. युरोपीय संघात गायीच्या कच्च्या दुधाला एक लाखाची मर्यादा आहे. पाश्चरीकरण यातले बहुतेक जिवाणू मारतं हे खरं. पण मारण्याआधी त्यांनी सोडलेली काही विकरं उष्णतेला दाद देत नाहीत, आणि पिशवीतल्या दुधाची चव आणि टिकाऊपणा त्यातच जातो.

धार काढून झाल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी जातो. तेवढ्यात गाय शेणात बसली की जंतू वर चढतात आणि दगडी होते. म्हणून जाणती माणसं धारेनंतर गव्हाणीत वैरण टाकतात, गाय खात उभी राहते. एक पैसा खर्च नाही. दगडी झाली की प्रतिजैविकं आली, आणि प्रतिजैविक आलं की ठरावीक काळ ते दूध केंद्रावर घालायचं नाही. औषधावर मुदत तपासून दिलेली नसेल, तर कायद्याने दुधासाठी ती किमान सात दिवस धरायची असते. पंधरा लिटर देणाऱ्या गायीचं सात दिवसांचं दूध ओतून द्या, हे सांगणं सोपं आहे. चाऱ्याची उधारी आणि बँकेचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे, त्याने ते करावं यासाठी केंद्राकडून त्याला काय मिळतं? पावतीत तर तो आकडाच नाही. ते दूध बाकीच्या दुधात मिसळून जातं. दही नीट लागत नाही म्हणून घरची बाई विरजणाला दोष देते, आणि कधीकधी दोष औषधाचा असतो.

आपल्याकडे दुधाची चर्चा भेसळीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. छापा, साठा जप्त, फोटो. भेसळ करणारे गुन्हेगारच आहेत, त्यांची तरफदारी नको. पण एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त १२. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर गेले ७७ नमुन्यांत, आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपलीकडे होतं ३६८ नमुन्यांत. हे विष कुणी दुधात मिसळत नाही. ते बुरशी धरलेल्या पेंडीतून आणि मक्यातून गायीच्या पोटात जातं. धोक्याचा मोठा वाटा गोणी कुठे ठेवली, पावसात ती भिजली का, भिजलेली पेंड टाकून दिली की वाळवून खाऊ घातली, अशा रोजच्या निर्णयांत आहे. त्यासाठी छापा घालता येत नाही.

भेसळसुद्धा मोजमापाच्या मागे चालते. २००८ मध्ये चीनमध्ये बालकांच्या दूधपावडरीत मेलामाइन सापडलं. कारण प्रथिनं मोजायची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजत होती आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. सहा बालकं गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. आपल्याकडे युरिया आणि दुधाची पावडर कॅनपर्यंत पोचते ती एसएनएफच्या आकड्यासाठी. ज्याला भाव आहे ते वाढवलं जातं, खऱ्याने किंवा खोट्याने. स्वच्छतेला भाव नाही, म्हणून ती खोटीसुद्धा कुणी दाखवत नाही. माझ्या मते जिल्ह्यातल्या दुधाची संस्कृती समजून घ्यायची असेल, तर अभ्यासकाने गोठ्याआधी दरपत्रक हातात घ्यावं.

मग अभ्यास करायचा कसा? आपल्या कृषी विद्यापीठांत ‘स्वच्छ दूधनिर्मितीविषयी शेतकऱ्यांचं ज्ञान आणि अवलंब’ अशा धर्तीचे प्रबंध बरेच होतात. प्रश्नावली घेऊन शंभर-दीडशे शेतकऱ्यांकडे जायचं, ‘हात धुता का?’ विचारायचं, टक्केवारी काढायची. धुतो म्हणणारे नेहमीच जास्त निघतात. पाहुण्यासमोर कोण नाही म्हणेल? अन्नसुरक्षा संस्कृतीचं क्षेत्र तीन बाजूंनी पुरावा मागतं : माणूस काय सांगतो, प्रत्यक्षात काय करतो, आणि नमुना काय दाखवतो. पहिल्याला गप्पा लागतात, दुसऱ्याला पहाटे साडेचारला गोठ्यात हजेरी आणि तीही पुन्हा पुन्हा, कारण नवखा माणूस समोर असेपर्यंत सगळेच नीट वागतात. तिसऱ्याला प्रयोगशाळा. एकट्या दुग्धशास्त्राला हे झेपत नाही आणि एकट्या विस्तार शिक्षणालाही नाही. राहुरीत हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, म्हणून हा विषय तिथला आहे असं मी म्हणतो.

सवयी बदलतात का, हा प्रश्न नगर जिल्ह्यात तरी विचारू नये. इथल्या हिवरे बाजार गावाने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअरवेल घेणं थांबवलं. दरवर्षी पावसाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. आकडा सगळ्यांसमोर वाचला जातो, म्हणून शेजाऱ्याचा धाक राहतो. तसंच दूध केंद्रावर महिन्यातून एकदा मिथिलीन ब्ल्यूची चाचणी लावावी, म्हणजे निळा रंग किती तासांत जातो ते पाहावं. जितका लवकर जाईल तितके जिवाणू जास्त. आणि ते तास नावासह फळ्यावर लिहावेत. चाचणी स्वस्त आहे, जुनी आहे. फळ्यावर नाव लिहिल्याने वागणं बदलतं, की लोक दुसऱ्या डेअरीला दूध घालायला लागतात, हे कुणी मोजलं तर तो खरा प्रबंध होईल. मला दुसऱ्याचीच भीती जास्त वाटते. एकेका गावात तीन-तीन डेअऱ्यांची केंद्रं असताना कडक वागणाऱ्याकडे दूध कमी येणार हे उघड आहे, आणि म्हणून एका केंद्रापुरता प्रयोग करून भागणार नाही, सगळ्या गावाचा करावा लागेल.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पदवी कृषीची, अन्न तंत्रज्ञानाची किंवा दुग्ध तंत्रज्ञानाची चालते; परभणीचं अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय, उदगीर आणि वरुडची दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालयं ही राज्यातली ठिकाणं. पुढे पदव्युत्तर, नेट, पीएचडी. कृषी विद्यापीठांतली भरती नियमित होत नाही, तेव्हा मधली वर्षं डेअरीच्या गुणवत्ता विभागात काढली तर वाया जात नाहीत. या विषयात ती शिदोरीच ठरतात. आणि आदर्श हवाच असेल तर कमला सोहोनींचा घ्यावा. केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएचडी करून आलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, आणि नंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात उतरून भेसळीबद्दल ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं अंतर त्यांना फारसं वाटलं नसावं.

प्रबंधाची खरी अडचण मात्र परवानगीची. कुठलाही दूध संघ आपल्या केंद्रांचे जिवाणूंचे आकडे बाहेर जाऊ देणार नाही, आणि त्याचं चूक आहे असंही म्हणता येत नाही. एक बातमी आली की पिशवीचा खप पडतो आणि फटका शेवटी उत्पादकालाच बसतो. तेव्हा गावांची आणि केंद्रांची नावं झाकून आकडे छापायचा करार आधी करावा, निष्कर्ष आधी संघाच्या लोकांना दाखवावेत, आणि कुणाचं दूध नाकारण्यासाठी आपले नमुने वापरले जाणार नाहीत हे लेखी घ्यावं. एवढं जमलं की मग पहाटे उठायला हरकत नाही.

(पुढील लेखांक : मुरघासाची बुरशी)