पंधरा मिनिटं गेली कुठे?

समजा, एक विमान दिल्लीहून सकाळी 10 वाजता सुटलं आणि 12 वाजता काठमांडूला पोचलं. प्रवास किती वेळाचा झाला? दोन तासांचा? चूक! पावणेदोन तासांचा.

उरलेली 15 मिनिटं विमानात गेलीच नाहीत. नेपाळचं घड्याळच आपल्यापुढे 15 मिनिटं पळतं. अर्धा तास नाही, एक तास नाही, बरोब्बर 15 मिनिटं! का? पृथ्वीला 1 अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. भारताची वेळ ठरते 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून. ते मिर्झापूरजवळून जातं. नेपाळने 1986 पासून गौरीशंकर शिखराजवळचं 86.25 अंशांचं रेखावृत्त धरलंय. फरक पावणेचार अंशांचा. आता पावणेचार गुणिले चार करा बघू!

आता नकाशा काढा. नेपाळ भारताच्या उत्तरेला, म्हणजे काठमांडूही दिल्लीच्या उत्तरेला असणार, असं वाटतं ना? बोट ठेवून बघा. काठमांडू दिल्लीपेक्षा थोडं दक्षिणेलाच आहे! म्हणजे विमान निघतं ते जवळजवळ सरळ पूर्वेला.

दोन्ही शहरांमधलं सरळ अंतर साधारण 815 किलोमीटर. मोठं जेट विमान उंचावर तासाला 800 किलोमीटर सहज कापतं. मग एका तासात का नाही पोचत? कारण घराच्या दारातून कुणी पळत सुटत नाही. आधी चपला घालाव्या लागतात. विमानही आधी धावपट्टीपर्यंत रांगत जातं, मग वर चढायला वेळ घेतं, उतरताना पुन्हा वेग कमी करतं. त्यात काठमांडू म्हणजे डोंगरांनी वेढलेली दरी. विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरहून उंच, आणि धावपट्टी एकच! डोंगरांमुळे बहुतेक विमानं दक्षिणेकडून उतरायला येतात. गर्दी किंवा धुकं असलं, की आकाशातच गोल गोल घिरट्या घालायच्या. घिरट्यांचं अंतर त्या 815 मध्ये कुठे धरलेलं असतं?

परतीची गंमत आणखी वेगळी. काठमांडूहून दिल्लीला येताना घड्याळ 15 मिनिटं मागे घ्यायचं, म्हणून प्रवास कागदावर झटपट झालेला दिसतो. पण हिवाळ्यात तिथे 10 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. कधीकधी त्याचा वेग ताशी 150 किलोमीटरच्याही वर जातो! जाताना तो विमानाला पाठीमागून ढकलतो आणि येताना समोरून अडवतो. म्हणजे घड्याळ वेळ देतं आणि वारा काढून घेतो. वैमानिकाला मात्र वाऱ्याचाच हिशेब ठेवावा लागतो, कारण इंधन घड्याळाकडे बघून जळत नाही.

कधी गेलात, तर जाताना डावीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर धवलगिरी आणि अन्नपूर्णा दिसतील, दोन्ही 8,000 मीटरहून उंच. येताना मात्र उजवीकडची!