मढ : मुंबईच्या कुशीतले कोळ्यांचे गाव

आम्ही राहतो बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात. चहूकडे कारखाने, आणि समुद्र कित्येक तास दूर. आमच्याकडे मासा येतो तो बर्फाच्या पेटीतून. त्यामुळे नऊ वर्षांच्या आमच्या मुलीने एकदा विचारले, ‘‘आई, बोंबील मुळातच असे वाळलेले असतात का?’’ त्याच वेळी ठरवले, या वेळी मुंबईला नणंदेकडे गेलो की हिला मढला न्यायचे.

मढ हे वर्सोव्याच्या खाडीपलीकडचे कोळ्यांचे गाव. त्याला ‘मढ बेट’ म्हणतात, पण आता मालाड-मार्वेकडून थेट रस्ता आहे. वर्सोव्याहून रस्त्याने जायचे तर वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. फेरीबोटीने मात्र काही मिनिटांत पलीकडे! बोटीत माणसांबरोबर स्कूटरीही चढतात. डिसेंबरमधल्या एका सकाळी आम्ही निघालो. मागे उंच इमारती, आणि समोर काठाला लागलेल्या, झेंडे फडकवणाऱ्या रंगीत होड्या.

उन्हात टांगलेले वैभव

गावात शिरताच वासाने स्वागत केले. मुलीने नाक दाबले. जवळच बसलेल्या एक मावशी हसल्या. म्हणाल्या, ‘‘ए बाय, हा वास नाही, ही आमची भाकर आहे.’’ मी ओशाळले. पण मावशींनी रागावण्याऐवजी मुलीला जवळ बोलावले.

त्यांच्यामागे बांबूंची लांबच लांब मांडणी उभी होती. हिला ‘वलांडी’ म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. ना मीठ, ना मसाला. बोंबलाच्या अंगात पाणीच फार, म्हणून तो ताजा टिकत नाही. कडक उन्हात मात्र तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतो. शेजारी जमिनीवर जवळा पसरलेला होता. मुलीनेही चार जोड्या अडकवल्या, आणि नाक दाबायचे विसरली!

भरती-ओहोटीचे घड्याळ

बोंबील मिळतो तो डोल जाळ्यात. हे जाळे म्हणजे एक मोठी निमुळती पिशवी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ती बांधतात, तिचे तोंड प्रवाहाच्या समोर उघडे ठेवतात. प्रवाहाबरोबर मासळी आपोआप आत शिरते. पाणी फिरण्याआधी जाळे उचलावे लागते. म्हणूनच येथील पुरुष कधी पहाटे, तर कधी मध्यरात्री निघतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जोर असतो, तेव्हा डोलीला मासळी चांगली लागते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ती कमी होते. कॅलेंडरवरची तिथी येथे पोटाशी बांधलेली आहे.

पावसाळ्यात, जून-जुलैत, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तो काळ माशांच्या प्रजननाचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून त्याची कृपा मागायची, ही कोळ्यांची जुनी रीत.

मोकळी जागा कोणाची?

पुरुष मासळी आणतात. पण निवडणे, वाळवणे, विकणे हे सारे बायकांच्या हातात. घरचा पैसाही बहुधा त्याच सांभाळतात. त्यांचे कारखाने म्हणजे ही वाळवणाची पटांगणे. शहरातून आलेल्या माणसाला तेथे फक्त किनाऱ्यालगतची रिकामी जमीन दिसते. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर तशीच दिसली होती. ‘‘दर्या आमचा, पण वाळवायला जागा नसली तर मासळी ठेवायची कुठे?’’ मावशींनी विचारले.

वर्सोवा आणि मढ यांच्यामध्ये खाडीवर पूल बांधण्याचा मुंबई महापालिकेचा प्रकल्प आहे. पुलामुळे दवाखाना, कॉलेज, बाजार जवळ येईल, हे खरेच. पण रस्त्याबरोबर जमिनीचे भावही वाढतात. आधीच जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. त्या निवडून काढण्यात या बायकांचा वेळ जातो. पिशव्या येतात कोठून? शहराच्या नाल्यांतून. म्हणजे तुमच्या-आमच्या घरांतूनच.

जायचे असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. गावाच्या टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. 1739 मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहावा. जवळ किल्लेश्वराचे देऊळ आहे. पुढे एरंगळच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकातले चर्च आहे. जानेवारीत तेथे मोठी जत्रा भरते. मात्र वाळवणावरून चालू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, कचरा परत घेऊन या. आणि सुकी मासळी घ्यायचीच तर मावशींकडून घ्या.

आम्ही बोंबील घेतले. मावशींनी वर मूठभर जवळा घातला, त्याचे पैसे काही घेतले नाहीत.

परत आल्यावर मी बोंबील भाजायला घेतले. घरभर वास पसरला. शेजारची मैत्रीण दारातच थबकली आणि तिने नाक दाबले. आमची मुलगी लगेच म्हणाली, ‘‘वास नाही गं, भाकर आहे ती!’’