घरचा जागल्या चुकतो तेव्हा

नांदेड-लातूरकडे सोयाबीन कापणीला आलं, की हातात विळा घ्यावा लागतो. पण कुणाकुणाची मूठच वळत नाही. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली. भाकरी थापवत नाही. दोन्ही हातांचे सांधे सुजतात. लोक म्हणतात, "अंगात वारं भरलं." आम्ही सांगतो, हे वारं नव्हे. हा आमवात.

हा होतो कसा? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे शरीराचे जागले. रोगजंतू शिरला, की त्या त्याला ओळखतात आणि मारतात. आमवातात या जागल्यांची ओळख चुकते. सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरालाच ते चोर समजतात. काही पेशी हाळी देतात, बाकीच्या धावून येतात. अस्तर सुजते, जाड होते. पुढे हाड पोखरले जाते. ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. बोटे वाकडी होतात. हा रोग बायांना जास्त होतो, आणि तो ऐन तिशी-चाळिशीतही होतो.

म्हणून नुसती दुखणे दाबणारी गोळी पुरत नाही. जागल्यांना आवरणारे औषध लागते. मेथोट्रेक्सेट हे असे एक औषध. त्याची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतते. गरोदर बाईला ती चालत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे.

नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातूर शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे दवाखाने आहेत. सूज दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर तिथे जा. बोटे वाकण्याआधी जा.