चिमुकल्या आगगाडीचे हातानें घडविलेले डबे

आगगाडीचें खेळणें घरांत येऊन आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. १८९१ सालीं जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक रुंदीच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या, आणि इंजिन, डबे व रूळ एकमेकांशीं जुळतील अशा बेतानें थोडे थोडे विकत घेण्याची सोय झाली. मुलांसाठीं निघालेल्या या वस्तूवर पुढें मोठ्या माणसांनींच हक्क सांगितला. इंग्लंड व अमेरिका या देशांत खऱ्या आगगाडीची लहान परंतु प्रमाणशीर प्रतिकृति घडविणें हा एक गंभीर छंद होऊन बसला. १९३५ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथें अशा छंदी लोकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, व निरनिराळ्या कारखान्यांचीं चाकें एकाच रुळावर चालावीं म्हणून तिनें मापें ठरवून दिलीं. आज बाजारांत तयार गाड्या हव्या तितक्या मिळतात. असें असतांही उतारूंच्या एका डब्यासाठीं महिनेच्या महिने घरीं खपणारीं माणसें आहेत. तीं इतकें कां खपतात आणि तें काम होतें तरी कसें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करावयास हवा. सर्वांत अधिक प्रचारांत असलेलें प्रमाण ‘एच-ओ’ या नांवानें ओळखलें जातें. त्यांत खऱ्या वस्तूचा एक फूट साडेतीन मिलिमीटरांत बसवितात, म्हणजे प्रतिकृति मूळ वस्तूच्या सुमारें सत्त्याऐंशींव्या हिश्शाइतकी होते. ‘ओ’ या त्याहून मोठ्या प्रमाणांत इंग्लंडमध्यें फुटास सात मिलिमीटर धरीत. त्याचें अर्धें तें ‘एच-ओ’, अशी या नांवाची उपपत्ति आहे. इंग्लंडांतील खरीं इंजिनें इतर देशांच्या मानानें अंगानें लहान. साडेतीन मिलिमीटरांच्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत विजेची मोटार मावेना, म्हणून इंग्रज कारागिरांनीं फुटास चार मिलिमीटर घेतले आणि रूळ मात्र पूर्वीचाच, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा, ठेवला. यास ‘ओओ’ म्हणतात. अर्थात् तेथील डबा रुळांच्या मानानें थोडा मोठा आहे. ही तडजोड डोळ्यांस चटकन् जाणवत नाहीं, पण या छंदांत तडजोडीचा प्रश्न पावलोपावलीं उभा राहतो, याचें हें पहिलें उदाहरण.

इंजिन पाहणाऱ्याचें लक्ष वेधून घेतें, तरी घडविणाऱ्याची खरी परीक्षा उतारूंच्या डब्यांत होते. मालडबा म्हणजे बहुतेक एक पेटी. उलट उतारूंच्या डब्यास एका ओळींत वीस-पंचवीस खिडक्या असतात. त्यांपैकीं एक जरी केसभर वर किंवा खालीं गेली, तरी सबंध ओळ बिघडलेली दिसते. म्हणून कामाचा आरंभ हत्यारापासून न होतां कागदापासून होतो. रेलवेच्या कारखान्याचा मूळ आराखडा मिळाल्यास उत्तम. तो न मिळाल्यास छायाचित्रावरून मापें काढावीं लागतात. छायाचित्र डब्याच्या अगदीं समोरून घेतलेलें असेल आणि त्यांतील एका वस्तूचें माप, उदाहरणार्थ चाकाचा व्यास, निश्चित ठाऊक असेल, तर त्रैराशिकानें बाकीचीं मापें काढतां येतात. छायाचित्र तिरकस असल्यास दूरच्या खिडक्या आखूड दिसतात व हा हिशेब चुकतो.

पूर्वी या कामास जाड पुठ्ठा, मऊ लांकूड व पितळेचा पत्रा वापरीत. आतां पॉलिस्टायरीन नांवाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकचे पातळ पत्रे सर्रास वापरले जातात. धारदार चाकूनें एकदां रेघ ओढून वांकविलें कीं हा पत्रा त्या रेघेवर सरळ मोडतो. जोडण्यासाठीं डिंक लागत नाहीं. एक पातळ द्राव कुंचल्यानें सांध्यांत सोडला कीं दोन्हीं कडा क्षणभर विरघळतात आणि एकजीव होऊन सुकतात. डब्याची बाजू बहुधा दोन किंवा तीन थरांची करतात. बाहेरच्या थरांत खिडकीचें भोंक पुऱ्या मापाचें ठेवतात व आंतल्या थरांत तें किंचित् लहान कापतात. त्यामुळें खिडकीची चौकट आपोआप उमटते. कांचेसाठीं पारदर्शक प्लॅस्टिक अगदीं शेवटीं, रंग सुकल्यावर, आंतून बसवितात. थर चिकटवितांना द्राव फार ओतला तर तो दोहोंमध्यें अडकून राहतो, आणि कांहीं दिवसांनीं सरळ दिसणारी बाजू केळीच्या सालीसारखी वळते. म्हणून जाणता कारागीर द्राव बेतानें वापरतो, बाजू सपाट कांचेवर वजनाखालीं ठेवतो आणि वाट पाहतो. पोलादी डब्यावरील रिबिटांच्या ओळी पातळ पत्र्याच्या मागून बोथट सुईनें एकेक टोचून उठवाव्या लागतात. त्यांत पट्टी हलली तर सारा पत्रा टाकून देण्यावांचून गति नसते.

डबा सुंदर झाला म्हणजे तो चालेलच असें नाहीं. अमेरिकेंतील पुष्कळ डबे ८५ फूट लांबीचे होते. ‘एच-ओ’ प्रमाणांत अशा डब्याची लांबी सुमारें पावणेबारा इंच भरते. घरांतील टेबलावर बसविलेल्या रुळाची वळणें मात्र पुष्कळदां १८ इंच त्रिज्येचीं असतात. खऱ्या रेलवेंत इतकें अरुंद वळण या डब्यास कधींच घ्यावें लागत नाहीं. डब्याच्या दोन बोगींमध्यें सव्वाआठ इंचांच्या आसपास अंतर असलें, तर या वळणावर डब्याचा मध्यभाग रुळाच्या मध्यरेषेपासून जवळजवळ अर्धा इंच आंत सरकतो आणि टोकें तितकींच बाहेर जातात. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी असेल तर टक्कर ठरलेली. त्रिज्या ३० इंच केली तर हेंच सरकणें सुमारें ७ मिलिमीटरांवर येतें. पण तितकें मोठें वळण बसवावयास खोलीही तशीच हवी.

यावर कारखानदारांनीं काढलेली तोड म्हणजे डबाच आखूड करणें. पुष्कळ वर्षें ८५ फुटांऐवजीं ७२ फुटांच्या हिशेबाचे डबे विकले जात. घरीं डबा घडविणाराही कधीं कधीं हाच मार्ग धरतो, परंतु तो विचारानें. सर्वच मापें सारख्या प्रमाणांत आंखडलीं तर खिडक्या अरुंद होतात व डबा दाबल्यासारखा दिसतो. म्हणून तो खिडक्यांचें माप, उंची व दरवाजे जसेच्या तसे ठेवतो आणि मधली एक-दोन दालनें गाळतो. पाहणारा खिडकी आणि दार यांवरून डब्याचा आकार जोखतो. खिडक्या बरोबर असल्या कीं लांबींतील उणीव त्याच्या लक्षांत येत नाहीं.

चालण्याच्या दृष्टीनें वजनाचेंही महत्त्व आहे. फार हलका डबा वळणावर रूळ सोडतो आणि फार जड डबा इंजिनास ओढवत नाहीं. अमेरिकेंतील उपरोक्त संस्थेनें ‘एच-ओ’ डब्यासाठीं एक सोपा नियम सांगितला आहे. मुळांत एक औंस धरावा आणि लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस मिळवावा. म्हणजे १२ इंची डब्याचें वजन ७ औंस, सुमारें २०० ग्रॅम, असावें. हें वजन शक्य तितकें तळाशीं ठेवतात. छपराजवळ ठेवल्यास डबा डोलूं लागतो.

साराच डबा नव्यानें घडविणें ज्यांस जमत नाहीं, ते तयार डब्यांत फेरफार करतात. दोन सारखे डबे घेऊन बारीक करवतीनें कापावयाचे आणि हव्या त्या तुकड्यांतून तिसराच डबा उभा करावयाचा, अशी ही पद्धति आहे. त्यासाठीं प्रथम डब्याच्या चित्राच्या कागदी प्रती कापून मांडणी ठरवितात. मग काप खिडक्यांमधील खांबावर किंवा पत्र्याच्या मूळ सांध्यावर घेतात, म्हणजे जोड लपतो. कापतांना तुकडा रेघेपेक्षां किंचित् मोठा ठेवून कानशीनें रेघेपर्यंत आणतात. छपराचा जोड बाजूच्या जोडाच्या अगदीं वर येऊं देत नाहींत, नाहीं तर डबा तेथेंच मोडतो.

ही कापाकापी बनावट आहे असें कोणी म्हणेल. पण खऱ्या रेलवेनेंही हेंच केलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत लांकडी डब्यांच्या जागीं जड पोलादी डबे आले. त्यांच्या तळाशीं काँक्रीटचा थर असे व पुष्कळांस सहा सहा चाकांच्या बोगी असत. उजेड व वारा यावा म्हणून छपराच्या मधोमध एक उंच माळा असे. १९३० नंतरच्या दशकांत थंड हवेचीं यंत्रें आलीं, त्यांच्या नळ्या या माळ्याच्या बाजूस बसविण्यांत आल्या व छपराचा आकारच पालटला. १९३४ सालीं बर्लिंग्टन रेलवेची ‘झेफिर’ ही चकचकीत न गंजणाऱ्या पोलादाची गाडी धांवली, आणि तिच्यापुढें जुने डबे एकदम म्हातारे दिसूं लागले. तेव्हां रेलवेच्या कारखान्यांनीं जुन्या डब्यांचीं छपरें गोल केलीं, कांहीं खिडक्या बुजविल्या, आणि कांहीं डब्यांवर तर नुसत्या रंगाच्या रेघा ओढून पन्हळी पोलादाचा आभास केला. जुन्या डब्याची प्रतिकृति कापून तिचें छप्पर बदलणारा छंदी माणूस कारखान्यांतील त्या कामगाराचेंच काम सत्त्याऐंशींपट लहान करून करीत असतो.

आपल्याकडे या विषयाचें महत्त्व वेगळ्याच बाजूनें ध्यानांत येतें. पुण्यास कोथरूड येथें १९९८ सालीं भाऊ जोशी यांचें छोट्या रेलवेचें संग्रहालय उघडलें, तेव्हांपासून पुष्कळ मराठी कुटुंबांस ही कला जवळून पाहावयास मिळाली. परंतु भारतीय डब्यांची प्रतिकृति करणाऱ्यापुढें आरंभींच अडचण येते. आपल्या ब्रॉडगेज रुळांची रुंदी १६७६ मिलिमीटर. ‘एच-ओ’ प्रमाणांत ती १९.२ मिलिमीटर भरावी, पण बाजारांतील रूळ साडेसोळा मिलिमीटरांचा. पेरांबूरच्या कारखान्यांत बनलेला डबा २१.३४ मीटर लांब. त्याची २४५ मिलिमीटरांची प्रतिकृति सुबक झाली, तरी ती परक्या अरुंद रुळांवर उभी राहते. ज्यास हें खपत नाहीं त्यास रूळ, सांधे व चाकांचे आंस हेंही सर्व हातानें करावें लागतें.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुण्यादरम्यान ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. तिच्या सात सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे भाग माटुंग्याच्या कारखान्यांत तयार झाले. एक गाडी रुपेरी रंगाची, तांबड्या पट्ट्यांची, तर दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. १९६६ सालीं ते डबे जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले आणि २०२२ सालीं तेही बदलले. ज्यांनीं त्या पहिल्या डब्यांतून प्रवास केला त्यांची पिढी आतां सरत आली आहे. अशा गाडीचा डबा पुन्हां डोळ्यांपुढें उभा करावयाचा तर आराखडे, छायाचित्रें व आठवणी यांवांचून साधन नाहीं, आणि काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत निळा व तांबडा यांतला भेदही धड कळत नाहीं.

येथें कारागिराच्या हातापेक्षां त्याच्या सचोटीची कसोटी लागते. न दिसणारी बाजू तो अंदाजानें भरतो. त्यावांचून डबा पुरा होणार नाहीं, म्हणून त्यांत दोष नाहीं. पण त्या प्रतिकृतीचेंच छायाचित्र पुढच्या माणसाच्या हातीं पडतें, तो त्यावरून दुसरी प्रतिकृति करतो, आणि पहिल्याचा अंदाज दुसऱ्यापाशीं पुरावा ठरतो. मूळ डबा भंगारांत गेलेला असल्यामुळें ही चूक दुरुस्त करावयास जागाच उरत नाहीं. म्हणून चांगला कारागीर डब्याबरोबर एक टिपण ठेवतो. कोणतें माप आराखड्यावरून घेतलें, कोणतें छायाचित्रावरून काढलें आणि कोणतें केवळ तर्कानें ठरविलें, हें त्यांत स्पष्ट लिहिलेलें असतें. कांहीं जण हेंच टिपण डब्याच्या तळाशीं चिकटवितात. कपाटांत मांडलेल्या वीतभर डब्याचें कौतुक करणाऱ्या पाहुण्यास तो कागद बहुधा दिसत नाहीं. पण पन्नास वर्षांनीं त्याच गाडीचा शोध घेणाऱ्यास रंगाच्या चकाकीपेक्षां त्याचाच उपयोग अधिक होईल.