करंगळीला मुंग्या येतात? सायकलचे माप तपासा

गारखेड्यातून सायकलने दौलताबादला जाऊन यायचे म्हणजे ३५-४० किलोमीटर होतात. तेवढ्याने मांड्या दुखल्या तर नवल नाही. पण करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, मान आखडत असेल, तर आधी सीट ते हँडल हे अंतर पाहावे. सायकलच्या भाषेत याला ‘रीच’ म्हणतात.

हँडल लांब असले की हात ताठ होतात आणि धडाचा भार तळहातांवर येतो. करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नार नस तिथे दाबली जाते. आपल्या जुन्या काळ्या सायकलचे हँडल चालवणाऱ्याकडे वळलेले असायचे, पाठ सरळ राहायची. सरळ हँडलच्या गिअरच्या सायकली आल्या आणि वाकून बसणे आले. दुकानात मात्र उंची विचारून सायकल दिली जाते. सारख्या उंचीच्या दोघांचे हात आणि धड सारखे असतीलच असे नाही.

मोजण्याआधी सीट जागेवर हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा. मग नेहमीसारखे बसून हँडल धरा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने पाहायला सांगा. कोपरे किंचित वाकलेली आणि खांदे सैल हवेत. कोपरे ताठ होत असतील, नकळत सीटच्या टोकाकडे सरकत असाल, तर अंतर जास्त आहे. पाठीला पोक येऊन गुडघे हातांजवळ येत असतील तर कमी. सीटच्या टोकाला कोपर टेकवून बोटे हँडलपर्यंत पोहोचतात का हे पाहण्याची जुनी पद्धत ढोबळच. धडाची लांबी तिच्यात येतच नाही.

अंतर कमी करायला सीट पुढे ढकलू नका, त्याने गुडघ्याचे गणित बिघडते. हँडलला धरणारा छोटा दांडा, म्हणजे स्टेम, १० मिलिमीटरने आखूड घेऊन पाहा. हँडल थोडे उचलले तरी ते जवळ येते. एका वेळी एकच बदल करा. आधी सीटचे टोक ते हँडलचा मध्य हे अंतर टेपने मोजून वहीत लिहा, म्हणजे मागे फिरता येते. बदलानंतरही बोटे बधिर राहिली किंवा पकड सैल वाटली, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवा.